आजोबांची गोष्ट आणि बाजारपेठ : ‘रीयुनियन’ या जाहिरातपटातील फाळणीची स्मृती

१. प्रास्ताविक

जाहिरात ही वस्तू विकण्यासाठी असते आणि म्हणून तिचा विचार वाणिज्याच्या अभ्यासकांनी करावा, साहित्याच्या अभ्यासकांनी करू नये, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. वृत्तपत्रातील चार ओळींच्या मजकुरापुरती जाहिरात मर्यादित होती तोवर ही समजूत चालून गेली. परंतु जाहिरात जेव्हा तीन-साडेतीन मिनिटांची कथा सांगू लागते, तिच्यात पात्रे, भूतकाळ, विरह आणि पुनर्भेट येते आणि ती पाहून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, तेव्हा ती कथनाच्या अभ्यासाच्या कक्षेत आपोआप येते. विशेषतः जी कथा ती सांगते ती एका राष्ट्राच्या सर्वांत वेदनामय अनुभवाची असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे इतिहासाच्या अभ्यासकालाही परवडणारे नाही.

नोव्हेंबर २०१३मध्ये गूगल या कंपनीने भारतात प्रसृत केलेला ‘रीयुनियन’ हा जाहिरातपट या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ओगिल्व्ही या जाहिरातसंस्थेच्या मुंबई कार्यालयाने तो घडविला आणि अमित शर्मा यांनी दिग्दर्शित केला. १९४७च्या फाळणीने दुरावलेल्या दोन बालमित्रांची त्यांच्या नातवंडांनी घडवून आणलेली भेट हे त्याचे कथानक आहे. भूतकाळाविषयीची ओढ आणि कुटुंबात सांगितली जाणारी गोष्ट या दोन गोष्टी एका व्यापारी नाममुद्रेने कशा वापरल्या, त्या वापरामुळे फाळणीच्या स्मृतीतील काय उजळले आणि काय झाकले गेले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’

‘नॉस्टाल्जिया’ ही संज्ञा योहान्नेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडविली. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ती तयार झाली. मायदेशापासून दूर राहणाऱ्या स्विस तरुणांना, विशेषतः परदेशी सैन्यात चाकरी करणाऱ्यांना जडणारा तो एक रोग मानला जात होता. पुढील दोन शतकांत ही संज्ञा वैद्यकातून साहित्यात आली आणि तिचा रोख स्थळाकडून काळाकडे वळला. स्थळाकडे परत जाता येते, काळाकडे येत नाही. त्यामुळे या दुखण्याला औषधच उरले नाही.

मराठीत या संज्ञेसाठी दोन प्रतिशब्द वापरले जातात आणि दोहोंमधील अंतर उद्बोधक आहे. ‘स्मरणरंजन’ या शब्दात वेदनेची जागा रंजनाने घेतली आहे. मराठी समीक्षेत हा शब्द बहुधा किंचित उणेपणाच्या अर्थाने येतो. जुन्या दिवसांच्या आठवणींत सुखाने रमणाऱ्या लेखनाला तो लावला जातो. ‘गतकातरता’ या शब्दात मात्र मूळ ग्रीक शब्दातील व्याकुळता शिल्लक आहे. जाहिरातपटाच्या अभ्यासात ही दोन नावे दोन वेगळ्या व्यवहारांसाठी वापरणे सोयीचे ठरेल. आठवण सुखद करून परत देणे हे स्मरणरंजन. आठवणीतील तुटलेपण कायम ठेवणे ही गतकातरता. स्वेतलाना बॉइम यांनी २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गमावलेले घर पुन्हा उभारू पाहणारी आणि गमावलेपणावर चिंतन करणारी, अशा दोन प्रकारच्या गतकातरतेत भेद केला आहे. तो भेद येथे केलेल्या भेदाशी तंतोतंत जुळत नसला तरी त्याच्या जवळचा आहे.

अर्जुन अप्पादुराई यांनी १९९६मध्ये आणखी एक मुद्दा मांडला होता. आधुनिक जाहिरात ग्राहकाला त्याने प्रत्यक्ष कधीच न गमावलेल्या गोष्टींची हुरहुर लावते, असे त्यांचे निरीक्षण आहे. अनुभव नसतानाही ओढ निर्माण करता येते, हे बाजारपेठेला उमगले होते. ‘रीयुनियन’च्या प्रेक्षकांपैकी बहुसंख्यांनी लाहोर पाहिलेले नव्हते, फाळणी तर नव्हतीच नव्हती. तरीही त्यांना लाहोरची आठवण झाली.

३. भारतीय जाहिरातपटातील कुटुंब : पूर्वपीठिका

‘रीयुनियन’ हा एकाएकी अवतरलेला जाहिरातपट नाही. त्यामागे सुमारे चार दशकांची परंपरा आहे. विविध भारतीवर १९६७मध्ये आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६पासून जाहिराती सुरू झाल्या. १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि १९८४मध्ये ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. या मालिकेचे प्रायोजकत्व मॅगी नूडल्स बाजारात आणणाऱ्या कंपनीकडे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाची दीर्घ कथा आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला विकायची वस्तू यांची गाठ भारतीय दूरचित्रवाणीवर अगदी आरंभीच बांधली गेली. १९८६मध्ये आलेली ‘बुनियाद’ ही रमेश सिप्पी दिग्दर्शित आणि मनोहर श्याम जोशी लिखित मालिका तर फाळणीने लाहोरहून उखडलेल्या कुटुंबाचीच कथा होती. तेव्हा लाहोर सोडून दिल्लीत आलेले पंजाबी कुटुंब हे पात्र २०१३च्या प्रेक्षकाला नवे नव्हते.

जाहिरातपटात कुटुंबाचा वापर ज्या टप्प्यांनी बदलत गेला ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. आरंभीच्या जाहिरातींतील कुटुंब वर्तमानातले होते. निरमाच्या स्वस्त पावडरीला उत्तर म्हणून सर्फने ॲलेक पदमसी यांच्या कल्पनेतून उभी केलेली ललिताजी ही भाजीबाजारात घासाघीस करणारी, हिशेबी गृहिणी होती. तिला भूतकाळ नव्हता. १९८९मध्ये पदमसी यांच्याच लिंटास या संस्थेने केलेल्या ‘हमारा बजाज’ या जाहिरातपटाने कुटुंबाची व्याप्ती राष्ट्रापर्यंत वाढविली. परवाना पद्धतीच्या काळात चेतक स्कूटरसाठी लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्रज्ञानाच्या मोटारसायकली आल्या आणि ही मक्तेदारी डळमळू लागली. अशा वेळी आकुर्डीत तयार होणाऱ्या स्कूटरला तिच्या गुणांपेक्षा तिच्याशी जडलेल्या आपलेपणाचा आधार देण्यात आला.

१९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर शहरे, नोकऱ्या आणि घरे वेगाने बदलू लागली, तेव्हा ‘परत यावे असे घर’ हे जाहिरातींचे आवडते आशयसूत्र बनले. रागावून घर सोडून निघालेल्या लहान मुलाला जिलेबीचे नाव काढून परत आणणारा धारा तेलाचा १९९०च्या दशकातील जाहिरातपट हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुढचा टप्पा भूतकाळालाच विक्रीयोग्य वस्तू करण्याचा आहे. २०१३मध्ये, म्हणजे ‘रीयुनियन’च्याच वर्षी, बाजारात आलेल्या पेपर बोट या नाममुद्रेने पन्हे व जलजीरा यांसारखी घरगुती पेये बालपणाच्या आठवणींच्या वेष्टनात विकावयास घेतली. त्याच्याही पुढे जाऊन जाहिरात स्वतःच्याच जुन्या जाहिरातीची आठवण काढू लागली. कॅडबरीने १९९४मधील क्रिकेट सामन्याचा आपला जाहिरातपट २०२१मध्ये स्त्री-पुरुषांच्या भूमिका बदलून पुन्हा केला. बजाजने २००९च्या अखेरीस स्कूटर-निर्मितीतून माघार घेण्याचे जाहीर केले आणि २०२०मध्ये विजेवर चालणारी गाडी आणताना चेतक हेच नाव पुन्हा पुढे केले.

या सर्व उदाहरणांतील भूतकाळ खाजगी किंवा सौम्य आहे. बालपण, शाळा, आजीच्या हातची चव, पहिली स्कूटर यांची आठवण कोणालाही दुखवीत नाही. ‘रीयुनियन’ने मात्र ज्या भूतकाळाला हात घातला त्यात सुमारे सव्वा ते दीड कोटी माणसे विस्थापित झाली होती आणि मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत व त्याहूनही पुढे जातात. स्मरणरंजनाचे तंत्र येथे प्रथमच इतक्या मोठ्या ऐतिहासिक जखमेवर योजले गेले. या जाहिरातपटाचे वेगळेपण आणि त्यातील जोखीमही येथेच आहे.

४. कथेची रचना : सांगणारा आणि ऐकणारी

दिल्लीतील वृद्ध बलदेव आपल्या नातीला, सुमनला, एक जुने छायाचित्र दाखवून लाहोरमधील बालमित्र युसुफविषयी सांगतात. जुना दरवाजा असलेली एक बाग, तिथे उडविलेले पतंग आणि युसुफच्या घरच्या दुकानातून दोघांनी मिळून चोरून खाल्लेली झाजरिया नावाची मिठाई, एवढाच त्या आठवणीचा ऐवज आहे. सुमन हे तपशील एकेक करून संगणकावर शोधते. बागेवरून मोची दरवाजा सापडतो, त्यावरून मिठाईचे जुने दुकान आणि दुकानाच्या दूरध्वनीवरून युसुफ. मग युसुफचा नातू व्हिसाची माहिती, विमानाची वेळ, दिल्लीचे हवामान पाहतो आणि बलदेवांच्या वाढदिवशी युसुफ त्यांच्या दारात उभे राहतात.

या रचनेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे आठवणीचे स्वरूप. बाग, पतंग, मिठाई ही सर्व इंद्रियांनी जपलेली स्मृती आहे. निर्वासितांच्या मौखिक कथनांत हे घटक वारंवार येतात. गल्लीचे नाव, विहिरीचे पाणी, एखाद्या हलवायाचे दुकान यांची स्मृती साठ-सत्तर वर्षांनंतरही ताजी असते. त्या दृष्टीने जाहिरातपटाचे निरीक्षण अचूक आहे. मोची दरवाजाचा परिसर पतंग आणि खाण्याच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध असल्याने स्थळाची निवडही जाणकारीची आहे. मात्र लाहोरच्या तटबंदीच्या तेरा दरवाजांपैकी जे सहा उभे आहेत त्यांत मोची दरवाजा नाही. त्याची वास्तू इंग्रजी अमदानीतच नाहीशी झाली. बलदेवांच्या बालपणीही तेथे उरले होते ते मुख्यतः नावच. जाहिरातपट आला त्या वर्षी लाहोरमध्ये पतंगही उडत नव्हते. काच लावलेल्या व धातूच्या मांज्याने होणाऱ्या मृत्यूंमुळे २००५पासून तेथे पतंगबाजीवर बंदी आली होती. आठवणीतले लाहोर आणि २०१३चे लाहोर यांच्यातील हे अंतर जाहिरातपटात कोठेही जाणवू दिलेले नाही. खऱ्या परतण्यात माणूस ज्या धक्क्याला सामोरा जातो तो येथे टळतो, कारण बलदेव लाहोरला जातच नाहीत. लाहोरच त्यांच्या दारी येते.

दुसरी गोष्ट श्रोत्याची. ही गोष्ट बलदेव आपल्या मुलाला सांगत नाहीत, नातीला सांगतात; तिकडेही युसुफच्या मदतीला नातूच आहे. मधली पिढी कथेच्या बाहेर आहे. ही केवळ कथनाची सोय नाही. निर्वासितांच्या मुलांचे बालपण घर उभे करण्याच्या धडपडीत गेले. त्यांच्यासमोर फाळणीचा विषय निघत नसे किंवा निघालाच तर लवकर मिटविला जाई. प्रश्न विचारण्याची सवड आणि धैर्य तिसऱ्या पिढीला मिळाले. आंचल मल्होत्रा यांनी निर्वासितांनी सोबत आणलेल्या वस्तूंच्या आधारे लिहिलेला २०१७मधील ग्रंथ हे नातीने ऐकलेल्या गोष्टींतून इतिहास कसा घडतो याचे उत्तम उदाहरण आहे. २०१०मध्ये स्थापन झालेल्या ‘१९४७ पार्टिशन अर्काइव्ह’ या संस्थेने मौखिक साक्षी गोळा करण्याचे जे मोठे काम हाती घेतले त्यातही तरुण स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे. नात विचारते आणि आजोबा सांगतात, हे जाहिरातपटाने टिपलेले नाते सामाजिक वास्तवाला धरून आहे.

तिसरी गोष्ट नाममुद्रेच्या स्थानाची. सामान्य जाहिरातीत वस्तू शेवटी येते आणि प्रश्न सोडविते. येथे ती पडद्यावर सतत असते, पण बोलत नाही. नातीच्या प्रेमाचे ती केवळ साधन असते. या कामाला इतिहासात एक पूर्वज आहे. १९४७च्या अखेरीस आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून निर्वासितांचे निरोप प्रसारित होत असत. ताटातूट झालेले नातलग कोणत्या छावणीत आहेत, कोणाला शोधत आहेत, याचे ते निरोप होते. तेव्हा शोधणाऱ्या माणसाच्या आवाजामागे राज्यसंस्था उभी होती. २०१३च्या कथेत त्या जागी एक खाजगी कंपनी आली आहे.

५. गोष्टीत न आलेले

कुटुंबात सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत काही गाळलेले असते. प्रश्न असा की कोणते गाळले जाते आणि त्याचा लाभ कोणाला होतो. बलदेव लाहोरहून निघाले कसे, हे ‘रीयुनियन’मध्ये येत नाही. १९४१च्या जनगणनेनुसार लाहोर शहराच्या लोकसंख्येत हिंदू, शीख व अन्य बिगरमुस्लिम मिळून एक-तृतीयांशाहून अधिक होते. शहर कोणत्या देशात जाणार हे १७ ऑगस्ट १९४७ रोजी सीमानिवाडा जाहीर होईपर्यंत अधिकृतपणे ठाऊक नव्हते. तोवर आगी लागल्या होत्या, मोहल्ले रिकामे होत होते. जाहिरातपटातील फाळणी मात्र एखाद्या नैसर्गिक आपत्तीसारखी, कर्त्याशिवाय घडलेली आहे. मित्र दुरावले, एवढेच तिचे वाक्य.

दिल्लीचीही कथा अर्धीच आहे. या शहराची लोकसंख्या १९४१मध्ये सुमारे ९ लाख होती, ती १९५१मध्ये साडेसतरा लाखांच्या घरात गेली. सुमारे पाच लाख निर्वासित येथे आले. त्याच काळात तीन लाखांहून अधिक मुसलमानांनी दिल्ली सोडली. बलदेवांसारख्या कुटुंबांना जो आसरा मिळाला त्यातील काही भाग या रिकाम्या झालेल्या घरांचा होता. दिल्ली सोडून लाहोर किंवा कराचीला गेलेल्या एखाद्या युसुफची आठवण या जाहिरातपटाला सुचली असती, तर दिल्लीतील प्रेक्षकाला केवळ गमावल्याचे दुःख झाले नसते. इतरांनी गमावलेल्यावर आपण उभे आहोत याची जाणीवही झाली असती. ती जाणीव कोणत्याही वस्तूच्या विक्रीला पोषक नाही.

स्त्रियांचे मौन तर याहून खोल आहे. उर्वशी बुटालिया यांचा, तसेच रितू मेनन व कमला भसीन यांचा, असे दोन्ही ग्रंथ १९९८मध्ये प्रसिद्ध झाले आणि फाळणीच्या इतिहासलेखनाला त्यांनी वेगळे वळण दिले. अपहृत स्त्रियांचे सामान्यतः दिले जाणारे अंदाज भारतातील ५० हजार मुसलमान आणि पाकिस्तानातील ३३ हजार हिंदू व शीख असे आहेत. १९४९च्या कायद्यान्वये त्यांना ‘परत’ आणताना अनेकींची इच्छा विचारली गेली नाही. त्यांच्यापैकी कित्येकींना पुनर्भेट हा शब्द दुसऱ्या विस्थापनासारखा होता. दोन मुलग्यांची मैत्री ही फाळणीच्या स्मृतीतील सर्वांत निष्कलंक जागा आहे आणि जाहिरातपटाने नेमकी तीच निवडली. तिथे जमीन, मालमत्ता, अब्रू, सूड यांपैकी काहीच नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा नोंदविली पाहिजे. फाळणीची लोकप्रिय प्रतिमा पंजाबची आहे. महाराष्ट्राला फाळणीचा थेट स्पर्श झाला तो सिंधी निर्वासितांमुळे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची वसाहत झाली आणि १९४९मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. जानेवारी १९४८मधील कराचीच्या दंगलीनंतर सिंधमधून बाहेर पडणाऱ्यांचा ओघ वाढला. पंजाबची फाळणी झाली, सिंधची झालीच नाही. सबंध प्रांत पलीकडे राहिला. त्यामुळे सिंधी माणसाला सीमेच्या अलीकडे आपल्या भूमीचा उरलेला अर्धा तुकडाही मिळाला नाही. मागील घर आणि नवे घर यांना जोडणारी समान भाषा व भूमी ‘रीयुनियन’मध्ये गृहीत धरली आहे. बलदेव आणि युसुफ एकमेकांना भेटताच ओळखतात ते या समान भाषेमुळे. उल्हासनगरात वाढलेल्या नातवंडाची स्थिती निराळी होती. आजोबांची सिंधी त्याला वाचता येईलच असे नव्हते.

६. व्हिसाचे दृश्य

जाहिरातपटातील सर्वांत लहान, पण इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलके दृश्य व्हिसाचे आहे. युसुफचा नातू भारतीय व्हिसाच्या अटी शोधतो आणि पुढच्या क्षणी प्रवासाची तयारी सुरू होते. प्रत्यक्षात भारत व पाकिस्तान यांच्यातील व्हिसा हा देशाचा नव्हे, ठराविक शहरांचा असे; पोहोचल्यावर व निघण्यापूर्वी पोलिसांकडे नोंद करण्याची अट सर्वसामान्य प्रवाशाला लागू असे.

८ सप्टेंबर २०१२ रोजी दोन्ही देशांनी इस्लामाबाद येथे नवा व्हिसा करार केला. त्यात ६५ वर्षांवरील नागरिकांना अटारी-वाघा नाक्यावर पोहोचताच व्हिसा देण्याची तरतूद होती. युसुफ आणि बलदेव यांच्याच वयाच्या माणसांसाठी ती होती. १५ जानेवारी २०१३ रोजी तिची अंमलबजावणी सुरू व्हावयाची होती. त्याच्या आठवडाभर आधी नियंत्रणरेषेवर भारतीय सैनिक मारले गेले आणि ठरलेल्या दिवशी ती थांबविण्यात आली. जाहिरातपट याच वर्षाच्या नोव्हेंबरात आला. प्रत्यक्षातील वृद्धांसाठी दार ज्या वर्षी उघडता उघडता अडले, त्याच वर्षी पडद्यावरील दार मात्र सहज उघडले.

हे विधान केवळ दोष दाखविण्यासाठी नाही. माहितीचा अभाव आणि परवानगीचा अभाव या दोन भिन्न अडचणी आहेत. पहिली यंत्राने दूर होते, दुसरी होत नाही. ‘रीयुनियन’ दुसरीला पहिलीचे रूप देतो. युसुफ इतकी वर्षे आले नाहीत कारण कोणी शोधले नव्हते, असा त्याचा अप्रत्यक्ष अर्थ होतो. वस्तुतः अनेक कुटुंबांना पलीकडचा पत्ता चांगला ठाऊक होता. पत्रे जात होती, येत होती. अडचण पत्त्याची नव्हती. १९७६मध्ये सुरू झालेली समझौता एक्सप्रेस आणि १९९९मध्ये सुरू झालेली दिल्ली-लाहोर बस या दोन्ही सेवा ऑगस्ट २०१९मध्ये बंद पडल्या. २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांच्या व्हिसासेवा स्थगित केल्या आणि अटारीचा नाका बंद केला. या प्रत्येक टप्प्यावर संगणकातील माहिती वाढतच होती.

७. जाहिरातपटाची बाजू

एवढे सांगितल्यावर ‘रीयुनियन’ला स्मरणरंजन म्हणून निकालात काढणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. प्रथमतः, त्या काळातील लोकप्रिय कथनांच्या तुलनेत या जाहिरातपटात खलनायक नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्याला तेव्हा पाच वर्षे पूर्ण होत होती. अशा वेळी लाहोर हे दहशतीचे नव्हे, मिठाईच्या दुकानाचे शहर म्हणून दाखविणे ही लहान गोष्ट नव्हती. जाहिरातपटाचे स्वागत सीमेच्या दोन्ही बाजूंना झाले, हेही विसरता येत नाही.

दुसरी बाब पात्रयोजनेची आहे. बलदेवांची भूमिका रंगकर्मी विश्वमोहन बडोला यांनी केली आणि युसुफची एम. एस. सथ्यू यांनी. म्हैसूरमध्ये जन्मलेल्या सथ्यूंनी दिग्दर्शित केलेला ‘गर्म हवा’ हा चित्रपट फाळणीविषयीच्या भारतीय चित्रपटांत अग्रगण्य मानला जातो. आग्र्याच्या सलीम मिर्झांचे कुटुंब एकेक सदस्याने कसे रिते होत जाते, कारखान्याला कर्ज कसे मिळेनासे होते, हवेली कशी हातची जाते, याचे ते चित्रण आहे. म्हातारी आई घर सोडावयास तयार नसते. अखेर मरणापूर्वी तिला पालखीतून त्याच हवेलीत आणावे लागते. तेथेही परतणे आहे, परंतु ते परक्याच्या झालेल्या घरात काही क्षणांपुरते आहे. ज्या दिग्दर्शकाने हे परतणे चित्रित केले तोच चार दशकांनी जाहिरातपटात मित्राच्या दारी उभा राहतो. ज्या प्रेक्षकाला ‘गर्म हवा’ ठाऊक आहे त्याला युसुफच्या चेहऱ्यामागे सलीम मिर्झांचे घर दिसल्यावाचून राहत नाही. जाहिरातपटाने गाळलेला इतिहास अशा रीतीने नटाच्या रूपाने, कदाचित कर्त्यांच्या योजनेपलीकडे, त्यात शिरला आहे.

तिसरी बाब परिणामाची. ‘पंजाबी लहर’ या पाकिस्तानातील तरुणांनी चालविलेल्या यूट्यूब वाहिनीने पुढील काळात ताटातूट झालेल्या अनेक कुटुंबांचा शोध घेतला. जानेवारी २०२२मध्ये दोन भाऊ ७४ वर्षांनी एकमेकांना भेटले. शोधाचे साधन गूगलच्याच मालकीचे होते, म्हणजे जाहिरातपटातील आश्वासन अंशतः खरे ठरले. मात्र ही भेट कोणाच्या घराच्या दारात झाली नाही. ती झाली कर्तारपूर येथे, ९ नोव्हेंबर २०१९ रोजी खुल्या झालेल्या व्हिसाविना प्रवेश देणाऱ्या मार्गिकेच्या आधाराने, आणि काही तासांत दोघांना आपापल्या देशी परतावे लागले. ही मार्गिका नसती तर पत्ता सापडूनही भेट होणे कठीण होते. मे २०२५मध्ये भारताच्या बाजूने ती मार्गिकाही बंद करण्यात आली.

८. समारोप

व्यापारी नाममुद्रा आपल्या कथेत गतकातरतेचा वापर करते तेव्हा ती दोन गोष्टी एकाच वेळी करते, असे या विवेचनावरून म्हणता येईल. ज्या स्मृतीला सार्वजनिक जागा नव्हती तिला ती जागा देते. अमृतसरचे फाळणी संग्रहालय २०१७मध्ये उभे राहिले, म्हणजे घटनेला ७० वर्षे झाल्यावर. त्याच्या चार वर्षे आधी एका जाहिरातपटाने दिवाणखान्यात फाळणीचा विषय काढला होता. त्याच वेळी, कथा गोड शेवटाला पोहोचलीच पाहिजे या व्यापाराच्या नियमाने ती स्मृतीतील न भरून येणारा भाग बाजूला सारते. ‘रीयुनियन’ची सुरुवात गतकातरतेत आहे आणि शेवट स्मरणरंजनात, साडेतीन मिनिटांत एकीचे दुसऱ्यात रूपांतर करणे हेच त्याचे कौशल्य होय.

या रूपांतराचा तोटा व्यापाऱ्याला नाही, वारसांना आहे. १९४७मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल २०२५मध्ये ८८ वर्षांचे झाले. साक्षीदारांची ही अखेरची पिढी आहे. आजोबांची गोष्ट मिठाईच्या दुकानाशी आणि पतंगापाशी संपते असे तिसऱ्या पिढीने मानले, तर पुढचा प्रश्न विचारलाच जाणार नाही. घर कोणत्या दिवशी सोडले, वाटेत कोण राहिले, नव्या घरात पूर्वी कोण राहत होते, हे प्रश्न सुमनच्या पडद्यावर येत नाहीत. त्यांची उत्तरे शोधयंत्रात नाहीत. ती अद्याप काही वृद्धांपाशी आहेत. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाचे काम तेथून सुरू होते आणि त्यासाठी हाती असलेला अवधी फार थोडा आहे.